अंगठीच्या गाडीला तीन पंखे

एकतीस वर्षं वायरमनची नोकरी करून मी बेंबळीत जेवढं नाव कमावलं होतं, तेवढं सगळं माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तळहातावर मावणाऱ्या तीन पंख्यांनी घालवलं.

हे नाव मुख्यतः एका भाषणामुळं होतं. कुणी तारेवर आकडा टाकून चोरून मोटार चालवली, की मी काठीनं तो आकडा काढायचो आणि त्या माणसाला बांधावर उभं करून सांगायचो, "बाबा रे, डीपी म्हणजे काय कामधेनू न्हाय. तिला पाच मोटारी झेपत्यात तर पाचच लावायच्या. सहावी लावली की पयल्या पाच बी बसत्यात." (डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. तो बसला की सगळ्यांचीच लाईट जाते.) हे भाषण मी इतक्या जणांना इतक्या वेळा दिलंय, की पुढं पुढं लोक मला लांबून येताना बघून स्वतःच म्हणायला लागायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गावात मला कुणी मल्लिनाथ म्हणत नाही, वायरमनच म्हणतात. (आमच्या मंडळीही. त्यांचं माहेर कर्नाटकातलं, माहेरी फोनवर सगळं कानडीत चालतं. मला कानडी येत नाही, पण मधेमधे 'वायरमन' ऐकू आलं आणि पाठोपाठ हसणं ऐकू आलं, की विषय कळतो.)

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी. घरात अशू. धाराशिवला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिचं नळदुर्गच्या शिवराजशी जमलं. मुलगा गुणी, पण बोलणं मोजकंच. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याच्या वडिलांकडे गेलेलं. त्यांचं नाव बसवराजअण्णा. हायवेला ढाबा, ढाब्यामागं शेती, आणि आवाज असा की ढाब्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे थांबतात. बैठकीत त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाले,

"पोरीचा बाप लाईटीतला माणूस हाय, म्हणजे काम चोख असणार. आमाला दुसरं काय बी नको. कार्यक्रम तेवढा बिनघोर झाला पायजे."

"त्याची काळजीच सोडा," मी म्हणालो.

(हे वाक्य मी आयुष्यात ज्याला ज्याला ऐकवलंय, त्याला पुढं काळजी करायला लागलेली आहे.)

साखरपुड्यातलं सगळं मोठ्या माणसांनी ठरवलं. तारीख स्वामींनी काढली, साडीचा रंग तिकडच्या बायकांनी निवडला, जेवणात हुग्गी पाहिजे हे आमच्या मंडळींनी जाहीर केलं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, गूळ-खोबरं घालून केलेली आणि इतकी घट्ट की पळी सोडली तर उभी राहते. अशूनं सगळ्याला मान हलवली. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाली,

"अप्पा, अंगठ्या ताटातून नकोत. माझ्या गाडीतून येऊ द्या. एवढं एक माझ्या मनासारखं होऊ द्या."

गाडी म्हणजे तिची रिमोटवर चालणारी गाडी. हातभर लांब, मोठ्या चाकांची, कॉलेजात असताना तिनं स्वतः एकेक स्क्रू लावून जोडलेली. शिवराजला पहिल्या भेटीत तिनं हीच गाडी दाखवली होती, आणि तो त्या दिवशी चक्क चार वाक्यं बोलला होता. तिला ते लक्षात राहिलेलं. मला मात्र 'एवढं एक' हे शब्द काळजाला लागले. दोन महिन्यांत पोरगी नळदुर्गला जाणार. तिनं बापाकडं मागून मागितलं काय, तर एक गाडी चालवणं.

"मी स्वतः चालवणार," मी म्हणालो. "दारापासून स्टेजपर्यंत. अंगठ्या तुझ्या हातात. लाईटीतला माणूस आहे तुझा बाप."

आता नुसत्या दोन अंगठ्या न्यायच्या असत्या, तर त्या गाडीनं हसत नेल्या असत्या आणि ही हकीकत लिहायची पाळीच आली नसती. पण आदल्या दिवशी सकाळी आमच्या मंडळींनी गाडी बघितली.

"ह्यावर नुस्त्या अंगठ्या ठेवणार?" त्या म्हणाल्या. "नळदुर्गची माणसं म्हणतील, बेंबळीच्यांनी मोकळी गाडी फिरवली."

मग गाडीवर पितळी ताट आलं. ताटात पितळेचाच नंदी आला, कारण शुभकार्यात देव पाहिजे. नंदीपुढं जरीचा गोटा लावलेला साखरेचा पुडा आला, कारण साखरपुड्यात साखर पाहिजे. ताटाभोवती झेंडूची माळ आली. अंगठ्यांची मखमली उशी ठेवायला जागाच राहिली नाही, तेव्हा ती नंदीच्या पाठीवर बांधली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं नुसता मोतीच दिसत होता, नाकाचा पत्ता नव्हता.

मे महिन्याचं ऊन. मी अंगणात गाडी सोडली. फाटकापासून निघाली, निम्म्यावर आली, आणि थांबली. हात लावला तर चटका बसला.

अशू ओट्यावर बसली होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी, त्यामुळं हात दोन्ही बाजूंना उघडून ठेवलेले. तिथूनच म्हणाली, "कंट्रोलर तापला, अप्पा. मोटारीला वीज तोच पुरवतो. जास्त तापला की स्वतःच बंद पडतो, जळू नये म्हणून."

"आपल्या पंपाच्या स्टार्टरसारखं."

"अगदी तसंच. त्याच्यावर छोटा पंखा बसवा. माझ्या डब्यात आहेत."

डब्यात काडेपेटीएवढे दोन पंखे निघाले. अशू बोलली तसं मी एक कंट्रोलरवर बसवला आणि त्याची पिन रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीत खोचली. रिसीव्हर म्हणजे गाडीतली एक इवलीशी डबी. रिमोटचं म्हणणं ती ऐकते आणि गाडीला सांगते. पंखा गर्रकन फिरला. गाडी आता अंगण ओलांडून पायरीपर्यंत आली, आणि परत थांबली. ह्या वेळी मोटार तापली होती.

"मग मोटारीवर दुसरा पंखा," मी म्हणालो.

"चालेल. पण त्याला वेगळी छोटी बॅटरी लावा. रिसीव्हरला मिळणारी वीज इतकुशी असते. चाकं वळवणारी मोटारसुद्धा तिच्यावरच चालते."

"एका गाडीत दोन बॅटऱ्या? एका घरात दोन मीटर घेतल्यासारखं दिसेल ते."

"अप्पा, झेपणार नाही त्याला."

"अशू, तू पाळण्यात होतीस तेव्हा मी खांबावर होतो. मला लाईट शिकवू नकोस."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आपल्या मेंदीकडं बघितलं आणि एक मोठा श्वास घेतला. हात मोकळे असते तर तिनंच दोन मिनिटांत जोडून टाकलं असतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत तिनं मला बॅटरीचं आणखी दोनदा सांगितलं. मी दोनदा "हो हो" म्हणालो आणि दुसरा पंखा पहिल्याच्याच वायरीला जोडला. गाडी पायरीपर्यंत जाऊन परत फाटकापर्यंत आली. मला वाटलं, जिंकली.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी कार्यालयात जाऊन बघतो तर दारापासून स्टेजपर्यंत जाडजूड लाल गालिचा. गालिच्यावर चाकं रुतायची, मोटारीला जोर लागायचा आणि निम्म्यावर पोचेपर्यंत दोन्ही पंख्यांसकट सगळं तापायचं. अशू पार्लरमध्ये होती. विचारायला कुणी नव्हतं, म्हणजेच अडवायलाही कुणी नव्हतं.

तेवढ्यात मंडळी समोर येऊन बसल्या. हातात त्यांचा तो चार्जिंगचा छोटा पंखा, हल्ली उन्हाळ्यात बायका तोंडापुढं धरतात तो.

"तो दे," मी म्हणालो.

"का?"

"तुझ्या मुलीच्या सुखासाठी दे."

मी त्याची दांडी कापली, मान तेवढी ठेवली आणि मोटारीच्या मागं तारेनं आवळली. वायर सोलली, दुसऱ्या पंख्याच्या वायरीवर पिळली, टेप मारली. काम कसं सुबक झालं. मंडळी वाकून बघत होत्या.

"पयल्याच्या वायरीवर दुसरा, दुसऱ्याच्या वायरीवर तिसरा," त्या म्हणाल्या. "ह्यालाच तुम्ही आकडा म्हणता नव्हं?"

"आकडा चोरीचा असतो. ही आपल्या घरची वीज आहे."

ह्या खटपटीत रिसीव्हरची वायर एकदा निघाली आणि त्याचा दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे त्याची आणि रिमोटची ओळख नव्यानं करून द्यायला पाहिजे. ती कशी द्यायची हे अशूनं कधीतरी दाखवलं होतं. एक बटन दाबून धरायचं, दिवा स्थिर झाला की सोडायचं. मी धरलं. दिवा स्थिर झाला. त्या वेळी रिमोटवर माझं दुसरं बोट कुठं होतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही बघितलं नाही.

मग मी मोकळ्या कार्यालयात दारापासून स्टेजपर्यंत गाडी सरळ नेली. तिन्ही पंखे भिरभिरत होते. नंदी डुलत होता. गाडी कुठंही थांबली नाही, तापली नाही. नोकरीत एवढं समाधान मला एकदाच मिळालं होतं, वादळानंतर सगळ्या गावाची लाईट एका झटक्यात आली होती तेव्हा.

दुपारी नळदुर्गचे पाहुणे आले. बसवराजअण्णांनी स्वतःच्या हातानं मला गुलाबी फेटा बांधला. कार्यालय भरलं. पुढं पाहुणे, मागं माझ्या भागातले सगळे शेतकरी, म्हणजे माझ्या भाषणाचे जुने श्रोते. अशू आणि शिवराज स्टेजवर उभे राहिले. सनईची टेप लागली. मी दारात रिमोट घेऊन उभा राहिलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की बसवराजअण्णांनी आपली खुर्ची उचलून गालिच्याच्या बरोबर मधोमध मांडलेली आहे.

"अण्णा, जरा बाजूला," मी लांबून म्हणालो.

"न्हाय न्हाय, इथनं झ्याक दिसतंय," ते म्हणाले. "येऊ द्या गाडी. जाईल की बाजूनं."

व्याह्याला दोनदा उठ म्हणता येत नाही. मी गाडी सोडली.

गाडी निघाली तशी सगळ्यांचे मोबाईल वर झाले. बायका उभ्या राहिल्या. नंदी पाठीवर अंगठ्या घेऊन निघालाय, झेंडू हलतोय, पंखे गुणगुणतायत. माझा ऊर भरून आला. अण्णांच्या खुर्चीपाशी गाडी आली आणि मी तिला डावीकडं वळवायला रिमोटचं चाक जोरात फिरवलं.

इथं काय झालं ते मला नंतर अशूनं समजावून सांगितलं. गालिच्यात रुतलेली चाकं वळवायला वळणाच्या मोटारीनं एकदम वीज ओढली. तिन्ही पंखे आधीच त्याच विजेवर बसलेले. रिसीव्हरला काही उरलं नाही, त्याला भोवळ आली. क्षणभरानं शुद्धीवर आला तेव्हा रिमोट कुठाय हे त्याला सापडेना. अशा वेळी काय करायचं, हे त्याला ओळख करून देतानाच शिकवून ठेवायचं असतं. मी शिकवताना माझं बोट गाडी पळवायच्या खटक्यावर होतं. म्हणजे माझी शिकवण अशी, की काही समजेनासं झालं तर जोरात पळायचं. त्यानं ती पाळली.

गाडीनं अण्णांच्या खुर्चीला अर्धी प्रदक्षिणा घातली. लोकांना ती व्याह्यांचा मान म्हणून घातली असं वाटलं आणि टाळ्या पडल्या. मग ती गालिचा सोडून फरशीवर आली. फरशीवर तिला रान मोकळं मिळालं. पाहुण्यांच्या पायांमधून सुटली ती थेट बाजूच्या पडद्याकडं. मी रिमोटवरची सगळी बटनं दाबली. एक तर मी त्यातून काढूनही बघितलं. गाडी पडद्याखालून पलीकडं गेली. पडद्यापलीकडं आचारी होते. एक 'धाड' ऐकू आलं, मग पितळेचं ताट फिरत फिरत थांबल्याचा लांबलचक आवाज आला.

आणि मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे विचारलं,

"वायरमन, डीपी बसला का?"

मग जे हसं झालं ते सांगत नाही. मी फेटा सावरत पडद्यामागं पळालो.

हुग्गीचं मोठं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरवून विटांवर ठेवलेलं. गाडी त्या विटांना धडकून उलटी पडली होती. नंदी कोपऱ्यात आडवा, साखर सगळीकडं. गाडीची चाकं थांबली होती. पंखे मात्र तिन्ही व्यवस्थित फिरत होते.

"अंगठ्या?" मी आचाऱ्याला विचारलं. आचारी शरणप्पा, शांत माणूस. त्यानं एक अंगठी खांद्यावरच्या टॉवेलातून काढून दिली. ती अशूची होती.

"दुसरी?"

त्यानं पळीनं पातेल्याकडं दाखवलं. "टप्पकन आवाज आला, अप्पा. मग वरनं मिटून गेलं."

बाहेर व्याही, स्टेजवर पोरगी, आणि जावयाची अंगठी गव्हात. शरणप्पाला म्हणालो, गाळून काढू. तो म्हणाला, हुग्गी झाऱ्यातून पडत नाही. म्हणालो, हात घालू. तो म्हणाला, घाला, आत्ताच उतरवलीय.

तेवढ्यात मंडळी आल्या. त्यांनी एका नजरेत गाडी बघितली, आपल्या पंख्याची मान बघितली, पातेलं बघितलं, आणि मला म्हणाल्या, "बोट पुढं करा."

"कशाला?"

"तुमच्या बोटातली अंगठी काढायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला काय बी बोलायचं न्हाय."

माझी अंगठी आमच्या लग्नातली, इतक्या वर्षांत कधी निघालेली नाही. शरणप्पानं तूप आणलं. दोघांनी मिळून ओढली. आणि दोन मिनिटांत मी दोन्ही अंगठ्या साध्या ताटात घेऊन, तोंडावर हसू चिकटवून स्टेजवर चढलो. म्हणालो, गाडी नंदीला घेऊन जरा फिरून आली. पाहुणे हसले. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

अशूनं अंगठी शिवराजच्या बोटात घातली. माझं बोट खांबावर चढून चढून जाड झालेलं, त्याचं कॉम्प्युटरवरचं. अंगठी त्याच्या बोटात घुंगरासारखी हलायला लागली. त्यानं खाली बघितलं, काहीही न बोलता मूठ मिटली आणि दिवसभर मिटूनच ठेवली. जावई कमी बोलतो ह्याचा मला पहिल्यांदा मनापासून आनंद झाला. शेजारी विहीणबाई आपल्या बहिणीच्या कानात कानडीत काहीतरी म्हणाल्या. मी घाबरून मंडळींकडं बघितलं.

"काय म्हणतायत?" मी पुटपुटलो.

"म्हणतायत, अंगठी चांगली वजनदार घातली म्हणून."

पण अशूनं ती अंगठी ओळखली होती. लहानपणापासून माझं बोट धरून चाललेली पोरगी. तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरलेले होते, ओठ घट्ट मिटलेले होते. मला स्वतःची अशी लाज वाटली की विचारू नका. एक गोष्ट मागितली होती तिनं. एक.

आता जेवणं. हुग्गी टाकून देता येत नव्हती, कारण पंगत बसली होती आणि अंगठी आत होती. ती ज्याच्या दाताखाली येईल तो ओरडणार, आणि मग सगळ्या नळदुर्गला कळणार. उपाय एकच होता. मी पळी हातात घेतली आणि म्हणालो, आज हुग्गी मीच वाढणार, कुणी हात लावायचा नाही.

मी प्रत्येक पळी पातेल्यातून काढून उजेडात धरायचो, थोडी हलवायचो, तिरकी करून तळ बघायचो आणि मगच पानात सोडायचो. सोडल्यावर पळीच्या टोकानं पसरून परत बघायचो.

"काय बघतायसा?" एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं.

"सगळ्यांना खोबरं सारखं गेलं पाहिजे."

"वा," ते म्हणाले. "अशी माणसं ऱ्हायली न्हाईत."

एकाच्या पानात काहीतरी चमकल्यासारखं वाटलं म्हणून मी त्याची वाढलेली हुग्गी परत उचलली. वेलदोड्याचं साल निघालं. (त्या गृहस्थांनी पुढं गावभर सांगितलं, की वायरमननं माझ्या ताटातला आकडा काढला.) घाम फेट्यातून कानावर उतरत होता. मी जसा वाकून वाकून, एकेकाला निरखून वाढत होतो, तशी पाहुण्यांत कुजबूज वाढत गेली.

बसवराजअण्णा पंगतीच्या मध्यावर बसले होते. मी पहिल्यांदा वाढलं. मग त्यांनी हाक मारून दुसऱ्यांदा मागितली, आणि मी पळी निरखत असताना मला माझ्या नोकरीबद्दल काय काय विचारत राहिले. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा बोलावलं. मी वाढत असताना त्यांनी त्या आवाजात सगळ्या पंगतीला ऐकवलं,

"बघा, ह्याला म्हणत्यात पोरीचा बाप! फेटा बांधून सोता वाढायलाय, आन कसा, दाणा न दाणा बघून. शिवराज, शिकून घे."

शिवराजनं मूठ मिटून मान हलवली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. हा माणूस माझी आरती ओवाळतोय आणि मी ह्याच्या पोराची अंगठी ह्याच्याच पंगतीत शोधतोय.

शेवटची पंगत उठली. पातेल्याचा तळ दिसला. शरणप्पानं आणि मी तो खरवडला. अंगठी नव्हती. म्हणजे कुणीतरी गिळली होती, आणि आता ते गृहस्थ नळदुर्गच्या गाडीत बसून घरी निघाले होते. मी रिकाम्या पातेल्याशेजारी पालथ्या घमेल्यावर बसलो.

अशू आली. नवी साडी सावरत माझ्यापुढं उकिडवी बसली.

"जेवला का, अप्पा?"

"चुकलं माझं, अशू," मी म्हणालो. "तू तीनदा सांगितलं. सगळ्या जगाला मी तेच सांगत फिरलो, आणि घरात तुझंच ऐकलं नाही. तुला स्टेजवर रडायला लावलं."

"कोण रडत होतं?"

"डोळे भरलेले मी बघितले."

"अप्पा, मी हसू दाबत होते. गाडी सासऱ्यांना प्रदक्षिणा घालून पळाली आणि तुम्ही मागं फेटा धरून. शिवराजसुद्धा हसत होते. मूठ मिटलेली, खांदे हलतायत. मला म्हणाले, तुझी गाडी बघितली की मला बोलायला सुचतं." ती हसता हसता थांबली. "आणि तुमची अंगठी त्यांना घट्ट करून देऊ आपण. तीच राहू दे."

मला एकदम रडूच आलं. ते तुपाच्या बोटांनी पुसलं, त्यामुळं आणखी आलं. मग मी उठलो आणि ठरवलं, लपवाछपवी बास. व्याह्यांना सगळं सांगून टाकायचं आणि जे म्हणतील ते ऐकून घ्यायचं.

बसवराजअण्णा दारात, गाडीत बसायच्या बेतात होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"अण्णा, एक कबूल करायचंय. ती अंगठी, तुमच्या शिवराजची..."

"ही?" ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातून कागदी रुमालाची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आत अंगठी होती, धुऊन पुसून लख्ख.

मी ती सवयीनं उजेडात धरून बघितली. मग विचारलं, "कधी सापडली?"

"दुसऱ्यांदा वाढली न्हवं तुम्ही, तवाच. दाढंखाली आली. बरं झालं, दाढ आपली खरी हाय."

"दुसऱ्यांदा? अहो, मग तुमच्यानंतर सगळी पंगत... आणि तिच्यानंतर आणखी दोन पंगती... मी प्रत्येक पळी उजेडात धरून... तुम्ही बोलला का नाही?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"बोलणारच हुतो," ते म्हणाले. "पर म्हटलं, लाईटीतला माणूस आन इतक्या मायेनं वाढायलाय. असं आपल्या हयातीत परत बघायला मिळंल का? म्हणून तर तिसऱ्यांदा मागितली."

ही गोष्ट कुणाला सांगणार नाही असं त्यांनी मला वचन दिलं. गाडी नळदुर्गला पोचायच्या आत ढाब्यावर ती सगळ्यांना ठाऊक होती.

लग्न त्यांच्याकडं झालं. अंगठ्यांची गाडी तिथंही आली, अशूनंच चालवली आणि पंख्याला वेगळी बॅटरी लावून. मला पहिल्या रांगेत मधोमध मानाची खुर्ची होती आणि समोर खास माझ्यासाठी एक मोठा टेबलफॅन ठेवलेला होता. त्याची वायर कुठं जोडलीय हे बघायला मी दोनदा उठलो, आणि दोन्ही वेळा व्याह्यांनी मला हाताला धरून परत खुर्चीत बसवलं.